भाव माणशी किती?

नालासोपाऱ्याहून मालाडला जाणाऱ्या एखाद्या माणसाने २००० साली इंटेलनेट या कॉल सेंटर कंपनीत नोकरी धरली आणि पुढची अठरा वर्षं सोडली नाही, असं समजू. तो लागला तेव्हा कंपनी टीसीएस आणि एचडीएफसी या दोघांची, निम्म्या-निम्म्या भागीदारीतली. २००४ मध्ये टीसीएसचा वाटा बार्कलेज बँकेने घेतला. २००७ मध्ये ब्लॅकस्टोन या अमेरिकी गुंतवणूक कंपनीकडे ताबा गेला. २०११ मध्ये ब्रिटनच्या सर्कोने ३८.५ कोटी पौंडांपर्यंतची किंमत कबूल करून ती घेतली. चारच वर्षांत सर्कोला घरचं जड झालं. ब्रिटनमध्ये गुन्हेगारांच्या इलेक्ट्रॉनिक देखरेखीच्या कंत्राटातला घोटाळा तिच्या अंगाशी आला होता आणि पैशांची निकड होती. मग २०१५ मध्ये तिने हा धंदा २५ कोटी पौंडांना विकला. घेणारी कोण, तर तीच ब्लॅकस्टोन. आणि २०१८ मध्ये ब्लॅकस्टोनने ती फ्रान्सच्या टेलिपरफॉर्मन्सला १०० कोटी डॉलरना दिली.

लोकल तीच, स्टेशन तेच, काम बरंचसं तेच. गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी मात्र पुन्हा पुन्हा बदलली. ब्लॅकस्टोनने एकच कंपनी दोनदा घेतली आणि दोनदा विकली. अधल्यामधल्या चार वर्षांचा तोटा सर्कोच्या भागधारकांनी सोसला.

वसई-विरारकरांना ही नावं बाजारपानावरून कळलेली नाहीत. ती घरातल्या पोराच्या पगारपत्रकावरून कळली. या शहरात म्हणावं असं आयटी पार्क नाही. वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या गाळ्यांमध्ये लोखंड, प्लास्टिक, पॅकिंगची कामं चालतात. संगणकाचं काम चालतं ते मालाडच्या माइंडस्पेसमध्ये, अंधेरीच्या सीप्झमध्ये, विक्रोळीला, ऐरोलीला. चिंचोली बंदरच्या जुन्या कचराभूमीवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यात बसायला लागणारी पोरं मोठ्या संख्येने आली ती विरार लोकलने. ती थेट मालाडला उतरवते. विक्रोळीला जायचं तर अंधेरीला उतरून मेट्रोने घाटकोपर आणि तिथून पुन्हा लोकल. ऐरोली म्हणजे तर अर्धा दिवस. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांवर होती. त्यानंतर आचोळ्यात, एव्हरशाइनमध्ये, विरारच्या ग्लोबल सिटीत जे फ्लॅट घेतले गेले, त्यांपैकी कितीतरींचे हप्ते रात्रपाळीच्या भत्त्यातून गेले असतील. या लेखाचा विषय आंतरराष्ट्रीय असला तरी त्याचा कच्चा माल आणि उत्पादन, दोन्ही पश्चिम रेल्वेवर सापडतं.

मग कोट्यवधी डॉलर मोजून घेतात तरी नेमकं काय? यंत्रसामग्री नसते. इमारत बहुतेक भाड्याची, संगणक भाड्याचे किंवा दोन-तीन वर्षांत बाद होणारे. विकत घ्यायला दोनच गोष्टी असतात: ग्राहकांशी झालेले करार आणि ते करार पाळणारी माणसं. आणि यातलं काहीच कुलूप लावून ठेवता येत नाही. माणूस नोटीस देऊन जातो, ग्राहक मुदत संपताच हात वर करतो. आंब्याचा व्यापारी मोहोरावर बाग घेतो तसा हा व्यवहार: झाडं पाहून अंदाज बांधायचा, पैसे आधी मोजायचे, मग पाऊस आपला नाही.

म्हणूनच शहाणा खरेदीदार कराराला भाव देतो. २००८ च्या जुलैत मुंबईच्या डब्ल्यूएनएसने अविवा या ब्रिटिश विमा कंपनीची भारत आणि श्रीलंकेतली केंद्रं सुमारे २२.८ कोटी डॉलरना घेतली. बातमीत हाच आकडा ठळक होता. खरा सौदा पुढच्या ओळीत होता: अविवाने पुढच्या आठ वर्षांहून अधिक काळासाठी सुमारे १०० कोटी डॉलरचं काम देण्याचं कबूल केलं होतं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, लेहमन ही अमेरिकी बँक बुडून महिनाही उलटला नव्हता तेव्हा, टीसीएसने सिटीग्रुपची मुंबईतली सेवा कंपनी ५०.५ कोटी डॉलरना घेतली आणि सोबत साडेनऊ वर्षांत २५० कोटी डॉलरच्या कामाची हमी पदरात पाडली. सिटीला तेव्हा रोख हवी होती. टीसीएसने किंमत दिली म्हणण्यापेक्षा पुढच्या कामाची उचल दिली, असं म्हणणं जास्त खरं.

भाव महाग की स्वस्त हे ठरवायला बाजारात दोन मापं चालतात. एक, किंमत वार्षिक उत्पन्नाच्या किती पट. दुसरं, व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीच्या नफ्याच्या किती पट. पण सामान्य वाचकाला चटकन कळेल असं तिसरं माप आहे. ते बँकवाले सहसा जाहीर बोलत नाहीत: किंमत भागिले माणसं. २०१८ मध्ये इंटेलनेट विकली गेली तेव्हा तिच्याकडे ५५ हजारांच्या आसपास कर्मचारी होते. म्हणजे माणशी अठरा हजार डॉलर, त्या वेळच्या दराने बारा लाख रुपयांच्या घरात. २०२५ मध्ये डब्ल्यूएनएसचा सौदा झाला, ३३० कोटी डॉलर आणि ६५ हजारांच्या आसपास माणसं. म्हणजे माणशी पन्नास हजार डॉलर, रुपयांत त्रेचाळीस लाखांच्या आसपास. आणि इंटेलनेटच्याच वर्षी, २०१८ मध्ये, फ्रान्सच्या अटॉसने सिंटेल ही सॉफ्टवेअर कंपनी घेतली तेव्हा माणशी भाव दीड लाख डॉलरवर, म्हणजे कोटभर रुपयांवर गेला.

एकाच वर्षी बारा लाख आणि एक कोटी. हा फरक कामाचा आहे. फोनवर बोलणाऱ्याच्या जागी दुसरा माणूस महिना-दोन महिन्यांच्या प्रशिक्षणात उभा करता येतो, असं बाजार धरून चालतो. बँकेच्या जुन्या प्रणालीत वर्षानुवर्षं मुरलेला प्रोग्रॅमर तसा मिळत नाही. मालाडच्या टीम लीडरला हे हिशेब कोणी दाखवत नाही. दाखवले तर पुढचं अप्रेझल जरा वेगळ्या सुरात होईल.

या सगळ्यात मराठी मुलखाला सर्वांत जवळची गोष्ट पटणीची. नरेंद्र पटणी यांनी १९७२ मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये, डेटा टंकून घेण्याच्या कामातून सुरुवात केली. कागदावरची माहिती भारतात संगणकीय रूपात आणायची आणि परत पाठवायची, ही कल्पना तेव्हा अनेकांना वेडेपणाची वाटली असती. नारायण मूर्ती आणि त्यांचे सहा सहकारी याच पटणीतून १९८१ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी इन्फोसिस काढली. चेले पुढे गेले, गुरुगृह मागे राहिलं. पटणी वाढली, जीईसारखे ग्राहक तिने टिकवले, ऐरोलीत मोठं संकुल बांधलं. पण कंपनी तीन भावांची होती आणि विक्रीच्या चर्चा आधीही होऊन फिसकटल्या होत्या.

जानेवारी २०११ मध्ये अखेर ती विकली गेली, आणि घेणारा पाहून दलाल स्ट्रीट चक्रावली. आयगेटचं २०१० चं उत्पन्न २८ कोटी डॉलर, पटणीचं ७० कोटी. लहान कंपनी आपल्याहून अडीचपट मोठी कंपनी गिळणार होती. आयगेटचे प्रमुख फणीश मूर्ती, एकेकाळचे इन्फोसिसचे विक्रीप्रमुख. किंमत सुमारे १२२ कोटी डॉलर, शेअरला ५०३ रुपये ५० पैसे. तीन भाऊ आणि जनरल अटलांटिक हा गुंतवणूकदार यांच्याकडून ६३ टक्के, शिवाय नियमाप्रमाणे बाकीच्या भागधारकांसाठी २० टक्क्यांची ओपन ऑफर. एवढा पैसा आयगेटकडे कुठून यायचा? अॅपॅक्स या गुंतवणूक कंपनीने भांडवल घातलं आणि ७७ कोटी डॉलरचे रोखे ९ टक्के व्याजाने विकले गेले. म्हणजे वर्षाला जवळजवळ सात कोटी डॉलर नुसतं व्याज. ऐरोलीतल्या माणसांनी पुढची काही वर्षं जे काम केलं, त्यातला मोठा हिस्सा त्यांच्याच कंपनीच्या खरेदीचं कर्ज फेडण्यात गेला. पुढे २०१२ मध्ये उरलेल्या भागधारकांना ५२० रुपये देऊन पटणी शेअर बाजारातून उतरवली गेली आणि पटणी हे नाव पाटीवरून पुसलं गेलं. २०१३ मध्ये फणीश मूर्तीही कंपनीबाहेर गेले.

आणि तरीही हा सौदा फळला. एप्रिल २०१५ मध्ये फ्रान्सच्या कॅपजेमिनीने आयगेट ४०४ कोटी डॉलरना, शेअरला ४८ डॉलर देऊन घेतली. उत्पन्नाच्या तिपटीहून जास्त. चार वर्षांपूर्वी वेडं साहस म्हणून हिणवलेल्या खरेदीची किंमत दुसऱ्याने व्याजासकट चुकती केली. पटणी बंधूंनी २०११ ऐवजी २०१५ पर्यंत कळ काढली असती तर, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. पण त्या मधल्या काळातली कर्जाची जोखीम त्यांनी उचलली असती का, हे विचारणारे कमी.

कॅपजेमिनीची तर महाराष्ट्रात येण्याची रीतच अशी. २००६ मध्ये १२५ कोटी डॉलर देऊन कॅनबे घेतली. कंपनीचं मुख्यालय शिकागोजवळ, पण कामाचा मोठा गाडा पुण्यात. तिच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा एचएसबीसी या एकाच घराण्यातून येत होता, म्हणजे एका ग्राहकाने पाठ फिरवली असती तर सगळंच कोसळलं असतं. मग २०१५ मध्ये आयगेट, म्हणजेच ऐरोली. आणि ७ जुलै २०२५ रोजी विक्रोळीत मुख्यालय असलेली डब्ल्यूएनएस. तीन सौदे मिळून साडेआठशे कोटी डॉलरवर. पॅरिसमधल्या एका कंपनीने मुंबई-पुण्याच्या माणसांसाठी वीस वर्षांत मोजलेला हा पैसा आहे. तिच्या जागतिक मनुष्यबळातला सर्वांत मोठा गट आज भारतात बसतो.

सगळेच फ्रेंच असे नशीबवान नव्हते. अटॉस आणि सिंटेलची गोष्ट या धंद्यातल्या प्रत्येक खरेदीदाराने भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे. भरत देसाई आणि नीरजा सेठी या दांपत्याने १९८० मध्ये मिशिगनमधल्या ट्रॉय गावी दोन हजार डॉलरवर सिंटेल सुरू केली. देसाई मुंबईच्या आयआयटीचे आणि आधी टीसीएसमध्ये होते. पुण्याचं तळवडे आणि मुंबईत सीप्झ, ही कामाची ठिकाणं. अमेरिकन एक्सप्रेस, स्टेट स्ट्रीट, फेडेक्स असे मोजके पण भक्कम ग्राहक. २०१७ चं उत्पन्न ९२ कोटी डॉलर आणि नफ्याचं प्रमाण इतकं की बाकीच्या कंपन्यांनी मत्सर करावा. अटॉसचे तेव्हाचे प्रमुख थिएरी ब्रेटॉन यांना अमेरिकी बाजार आणि हा नफा दोन्ही हवं होतं. शेअरला ४१ डॉलर, कर्ज धरून ३५७ कोटी डॉलर. उत्पन्नाच्या जवळजवळ चौपट.

यात एक खटला होता. आरोग्यविम्याचं सॉफ्टवेअर करणाऱ्या ट्रायझेटो या कंपनीशी सिंटेलचा वाद २०१५ पासून न्यूयॉर्कच्या न्यायालयात चालू होता. तो सौद्याच्या वेळी गुप्त नव्हता. ट्रायझेटो तोवर कॉग्निझंटच्या मालकीची झाली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये ज्यूरीने व्यवसाय-गुपितं वापरल्याबद्दल सिंटेलवर ८५.५ कोटी डॉलरचा बोजा टाकला. म्हणजे खरेदी किमतीच्या जवळजवळ चौथा भाग. २०२३ मध्ये अपिलात त्यातला मोठा हिस्सा टिकला नाही, ही पुढची गोष्ट. तोवर ब्रेटॉन युरोपीय आयोगात आयुक्त झाले होते आणि अटॉसची घसरण सुरू झाली होती. जुन्या पद्धतीची सर्व्हर सांभाळण्याची कामं आटत होती, कर्ज वाढत होतं, कंपनीचे दोन तुकडे करण्याची योजना बारगळली. २०२४ मध्ये सुमारे ५ अब्ज युरोंच्या कर्जाची पुनर्रचना करावी लागली आणि सिंटेल घेतली तेव्हा शंभर युरोंच्या आसपास असलेला शेअर एका युरोच्याही खाली गेला. अटॉसला एकट्या सिंटेलने बुडवलं नाही. पण तिच्या ओझ्यात या धोंड्याची भर पडली, हे खरं. विकणाऱ्यांनी मात्र रोख घेतली होती.

उलट दिशेनेही असंच घडलं आहे, तेही मालाडमध्येच. फर्स्टसोर्सचा जन्म आयसीआयसीआय वनसोर्स म्हणून झाला. फेब्रुवारी २००७ मध्ये ६४ रुपयांनी शेअर विकून कंपनी बाजारात आली आणि त्याच वर्षी तिने अमेरिकेतल्या रुग्णालयांची बिलवसुली करणारी मेडअसिस्ट ३३ कोटी डॉलरना घेतली. भारतीय बीपीओने अमेरिकेत जाऊन एवढी खरेदी करणं तेव्हा अभिमानाचं वाटलं. पैसा उभा केला परकीय चलनातल्या परिवर्तनीय रोख्यांतून, २७.५ कोटी डॉलर. त्यामागची समजूत सरळ होती: शेअर चढेल, रोखेधारक शेअर घेतील, परतफेडीचा प्रश्नच येणार नाही. मग २००८ उजाडलं. शेअर गडगडला, रुपया घसरला, आणि डिसेंबर २०१२ ची परतफेडीची तारीख कॅलेंडरवर नुसती बसून राहिली. ती तारीख गाठण्याआधी कोलकात्याच्या आरपी-संजीव गोएंका समूहाने येऊन भांडवल घातलं आणि ताबा घेतला. शेअरचा भाव तेव्हा बारा रुपयांच्या आसपास होता. मेडअसिस्ट हा धंदा म्हणून वाईट नव्हता, आजही आरोग्यसेवा हा फर्स्टसोर्सचा मोठा आधार आहे. चुकलं ते पैसे उभे करण्याचं गणित. या धंद्यात किंमत जास्त दिल्याने माणूस क्वचित मरतो. उसन्या पैशाने दिली तर मात्र मरू शकतो, आणि पटणीच्या बाबतीत आयगेट वाचली याचं अर्धं श्रेय वेळेला द्यायला हवं.

महापेच्या हेक्सावेअरची कथा पूर्णपणे गुंतवणूक कंपन्यांची. २०१३ मध्ये बेअरिंगने संस्थापक अतुल निशार आणि इतरांकडून ताबा घेतला. २०२० मध्ये शेअरला ४७५ रुपये देऊन कंपनी बाजारातून उतरवली. त्या भावाने सगळ्या कंपनीची किंमत चौदा हजार कोटींच्या आसपास होत होती. जेमतेम वर्षभराने, २०२१ मध्ये, कार्लाइलने ती सुमारे ३०० कोटी डॉलरना घेतली. म्हणजे बावीस हजार कोटी रुपये. फेब्रुवारी २०२५ मध्ये कार्लाइलने ७०८ रुपयांनी शेअर पुन्हा बाजारात आणले, ८,७५० कोटींची विक्री, आणि त्यातला एक रुपयाही कंपनीच्या तिजोरीत गेला नाही, सगळा विकणाऱ्याकडे. तेव्हाच्या भावाने कंपनी त्रेचाळीस हजार कोटींची झाली होती. पाच वर्षांत तिप्पट. करोनाच्या धास्तीत ४७५ ला शेअर देऊन टाकणाऱ्या छोट्या भागधारकाने हे आकडे रात्री झोपताना वाचू नयेत.

छोट्या भागधारकाला घबाड मिळाल्याचं उदाहरणही महापेतलंच. मास्टेकमधून वेगळ्या झालेल्या मॅजेस्कोने आपला अमेरिकी विमा-सॉफ्टवेअरचा धंदा २०२० मध्ये थोमा ब्राव्होला विकला. आधी ठरलेली शेअरमागची १३.१० डॉलर किंमत दुसऱ्या बोलीमुळे १६ डॉलरवर गेली. भारतातल्या मॅजेस्कोने आलेला पैसा वाटून टाकला: शेअरमागे ९७४ रुपये लाभांश. दुसऱ्या दिवसापासून शेअर रिकाम्या पाकिटाच्या भावाने चालू लागला.

आता नोकरीवाल्याच्या बाजूने पाहू. शेअर विकले जातात तेव्हा कायद्याच्या नजरेत कंपनी तीच राहते. भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटीची वर्षं, नेमणूकपत्र, काही तुटत नाही. पहिल्या दिवशी ईमेल येतो, की तुमच्यासाठी काहीही बदलत नाही. पहिले काही महिने हे खरंही असतं. मग पदनामांची जुळवाजुळव होते, त्यात कालचा मॅनेजर आज लीड होतो. दोन एचआर विभाग असतात, एक पुरतो. दोन हिशेब विभाग असतात, एक पुरतो. रात्रीच्या गाड्यांचा मार्ग नव्याने आखला जातो, आणि विरार-वसईचं टोक म्हणजे कंत्राटदाराच्या दृष्टीने नेहमीच सर्वांत महाग. ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर घेण्याचे हक्क, असलेल्यांना सौद्याच्या भावाने पैसे मिळतात, पण बीपीओत ते कागद बहुधा वरच्या मजल्यावरच थांबतात. खाली येतो तो केक आणि नवी पट्टी.

हे सांगून खरेदीदाराला खलनायक ठरवायचं नाही. टीसीएस, कॅपजेमिनी, टेलिपरफॉर्मन्स यांच्याकडे गेलेल्या हजारो लोकांना आधीपेक्षा मोठे ग्राहक, परदेशच्या संधी, जास्त स्थिर पगार मिळाले. छोटी कंपनी छोटीच राहिली असती तर एका ग्राहकाच्या जाण्याने बंद पडली असती, हीसुद्धा शक्यता होतीच.

पण डब्ल्यूएनएसचा सौदा आधीच्या सौद्यांसारखा नाही. १९९६ मध्ये ब्रिटिश एअरवेजने आपली तिकिटांची आणि हिशेबाची कामं मुंबईत करून घेण्यासाठी ही कंपनी काढली, २००२ मध्ये वॉरबर्ग पिंकसने ताबा घेतला, २००६ मध्ये ती न्यूयॉर्कच्या बाजारात २० डॉलरनी आली. कॅपजेमिनीने ७६.५० डॉलर दिले, उत्पन्नाच्या अडीचपटीहून थोडे जास्त. आतापर्यंत अशा खरेदीचं कारण एकच असायचं: आणखी माणसं हवीत. या वेळी कॅपजेमिनीने दिलेलं कारण होतं कृत्रिम बुद्धिमत्ता. विम्याचे दावे, विमान तिकिटांचे परतावे, बिलांची तपासणी, ही कामं आतून कशी चालतात हे डब्ल्यूएनएसच्या माणसांना माहीत आहे आणि ती कामं एआयकडून करून घ्यायची तर आधी ती नीट माहीत असलेली माणसं हवीत. हे तर्कशुद्ध आहे. त्यातला दुसरा अर्थ वसईच्या गाडीतल्या कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. घोषणेच्या दिवशी पॅरिसमध्ये कॅपजेमिनीचा शेअर घसरला, कारण गुंतवणूकदारांना उलट शंका होती: जे काम उद्या यंत्र करणार, त्याच्या माणसांना आज एवढा भाव का?

व्यवहार ऑक्टोबर २०२५ मध्ये पुरा झाला. कॅपजेमिनीने गुंतवणूकदारांना दोन आकडे दिले आहेत: २०२७ अखेरीस वर्षाला १० ते १४ कोटी युरोंचं वाढीव उत्पन्न आणि ५ ते ७ कोटी युरोंची खर्चबचत. ज्यांच्या घरात विक्रोळीची ती पट्टी आहे, त्यांनी सौद्याच्या ३३० कोटींकडे पाहू नये. कॅपजेमिनीच्या २०२६ आणि २०२७ च्या निकालांत या दोन आकड्यांपैकी कोणता आधी पुरा झाला ते पाहावं. वाढीव उत्पन्न आधी आलं तर नोकरीला धोका कमी. बचत आधी आली तर बायोडेटा अद्ययावत करायला घ्यावा.